परातीतलं उमरेड

उमरेडवाल्याच्या हिशोबानं या दुनियेत परदेश नावाची जागाच नव्हती. तुम्ही विमानात बसा, समुद्र ओलांडा, जिथं पाण्यापेक्षा तेल जास्त अन् झाडापेक्षा खांब जास्त अशा वाळूत जाऊन उतरा, उमरेडवाला इकडे पाहे, तिकडे पाहे, नाकानं एक लांब श्वास ओढे अन् म्हणे, "काही नाही गा, हे आपलं उमरेडच हाय. फक्त झाडं तोडली वाटते कोणी."

त्याचं नाव मी सांगत नाही, कारण गल्फच्या कॅम्पात त्याले नावानं कोणी बोलावलंच नाही. आम्ही सारे उमरेडवाला म्हणो. आमच्या बराकीतला केरळवाला 'ओमरेड' म्हणे, अन् वेल्डिंग शिकवणारा आमचा मिसरी उस्ताद, म्हंजे इजिप्तचा, त्याले 'अम्रीद' म्हणे, जसा काही तो अरबस्तानातल्या कोण्या नवाबाचा जावई. खरं पायलं तं नागपूरहून एसटीत बसलं की जिथं कोळशाची धूळ लागते अन् हातमागाची खटखट ऐकू येते, ते त्याचं गाव. खाणीच्या वर्कशॉपात हातोडी मारता मारता तो वेल्डिंग शिकला होता. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांची, अन् बोलणं चार माणसांचं.

आता मी कोण? तं मी चौथीत दोनदा बसलेला अन् तिसऱ्यांदा उठून गेलेला माणूस. नागपुरातल्या सदर भागातल्या एका वर्कशॉपात खिडकीच्या जाळ्या जोडत होतो. माह्या जाळीतून चोर तं सोडाच, एका घरमालकाची म्हैस गेली होती. ते सत्तरच्या दशकाचे शेवटचे दिवस. जो उठे तो गल्फले जाऊन राहिला होता. मालकानंच मले सांगतलं, "तूही जा ना बे. तिकडे खिडक्या नसतात म्हणे." त्याले माही काळजी होती का त्याच्या गिऱ्हाइकांची, हे मले अजून समजलं नाही. पण मी गेलो. कंपनीनं आम्हाले ट्रेनी म्हणून घेतलं होतं. पहिले काही महिने शेडमधी शिकायचं, मंग एक टेस्ट. पास झाला तं कामावर, नापास झाला तं येणाऱ्या विमानानं घरी.

आमची भेट झाली ती तिथं उतरल्यावर, पासपोर्टाच्या लायनीत. मागून कोणीतरी ढकलून राहिलं होतं. मी बिना पाहता ओरडलो, "काहून ढकलून राहिला बे?" तं ढकलणाऱ्यानं मले मागून मिठीच मारली. शिपाई धावत आला, त्याले वाटलं भांडण लागलं. मी मिशीत गुदमरलेला, अन् हा इचारते, "नागपूर?"

"हो."

"मी उमरेड."

"म्हंजे नागपूरच ना गा."

"कायचं नागपूर! तुमचं नागपूर उमरेडच्या रस्त्यावर लागते."

तेव्हापासून त्याची खाट माह्या खाटेच्या बाजूले. मी म्हणलं, "जय भीम," तं तो म्हणे, "जय भीम गा, पिशवीत फल्लीदाणे हायत का?" होते. माह्या मायनं बांधून दिले होते. संध्याकाळच्या आत तिनं बांधलेली पिशवी त्यानं सोडूनही टाकली अन् झाडूनही टाकली.

त्याची खायची एक तऱ्हा होती. नवी वस्तू समोर आली की पहिले तिचा वास घ्यायचा. मंग एक घास तोंडात टाकायचा, डावा डोळा मिटायचा अन् उजव्या डोळ्यानं छताकडे पाहत बसायचं, जसं काही तिथं लिहिलं हाय. बाकीचे पोट्टे जेवण सोडून त्याच्या तोंडाकडे पाहत. मंग डोळा उघडे अन् निकाल लागे. नुसतं 'हे उमरेडले भेटते' एवढं म्हणून तो थांबे नाही, पत्ता देये. पहिल्या दिवशी मेसमधी ती मोठी चपटी रोटी आली, खुबूस म्हणतात. डोळा मिटला, उघडला. "हा माह्या मामीचा मांडा हाय. फक्त त्या दिवशी मामीले लग्नाले जायची घाई होती." चण्याची ती पांढरी चटणी आली, हम्मस. "हे म्हंजे आमच्याकडची बेसनाची पातोडी. थापायच्या आधीची." जैतूनाचं फळ आलं, खारट अन् कडू. मी ते तोंडातून काढून रुमालात लपवलं, तं हा चार फळं एकदम गालात कोंबून सांगते, "आमच्या तलावाच्या पाळीवर एक बोरीचं झाड हाय. त्याच्या खालची बोरं शेळीनं थुंकून टाकली की अशीच लागतात." मी म्हणलं, "तू शेळीनं थुंकलेली बोरं कधी खाल्ली?" तं म्हणे, "उमरेडले राहा, मंग समजन."

आमच्यात एक फिलिपिनवाला होता, गोरागोमटा, हसरा. त्यानं एक दिवस खोलीतल्या हिटरवर सुकी मच्छी भाजली. वास असा सुटला की अख्खी बराक बाहेर वाळूत जाऊन उभी राहिली. मी तं सगळ्यात पुढं, अन् अनवाणी. वाळू तापलेली, मी एका पायावर नाचून राहिलो, दुसरा पाय हातात. आत फक्त दोघं, फिलिपिनवाला अन् उमरेडवाला. थोड्या वेळानं खिडकीतून मिशी बाहेर आली. "भैताडांनो, बाजाराच्या दिवशी आमच्या मच्छीवालीच्या टोपलीपाशी असाच वास येते! या ना आत!" कोणी गेलं नाही. फिलिपिनवाला मात्र त्या दिवसापासून त्याले ब्रदर म्हणे. त्याच्या हातची मच्छी खाणारा त्याले तिथं पहिलाच भेटला होता.

माही गोष्ट उलटी होती. नागपुरात मी एवढा खादाड होतो की लग्नात माह्या पंगतीले वाढाले कोणी तयार नसे. पण तिथं गेलो अन् माह्या पोटानं संप पुकारला. मटण यायचं, मिठाच्या पाण्यात उकडलेलं, पांढरं, त्यात तिखट नाही, खोबरं नाही. जनावर आंघोळ करून थेट ताटात येऊन बसल्यासारखं वाटे. एक दिवस भातात एक काळी गोल वस्तू दिसली. मले वाटलं, आज गुलाबजाम दिला. बाकीच्यांच्या आधी उचलावा म्हणून मी झटक्यात उचलला अन् पुरा तोंडात टाकला. तो वाळवलेला लिंबू होता, नुसता वासासाठी टाकलेला. माहं तोंड असं झालं की समोरच्या केरळवाल्यानं घाबरून उस्तादले हाक मारली. उमरेडवाला तेवढ्यातही म्हणे, "बाहेर काढू नको, आमच्या वैदूच्या दवाखान्यात हेच देतात."

मंग मी खाणंच सोडलं. चहा अन् खुबूस, खुबूस अन् चहा. सकाळी मायच्या हातची चुनाची, म्हंजे बेसनाची, भाजी आठवे, दुपारी वडाभात आठवे, अन् संध्याकाळी नुसतं रडू येये. लोकं बायकोच्या आठवणीनं रडत, मी ठेच्याच्या आठवणीनं रडो. पँट कमरेवर थांबेना म्हणून दोरी बांधली. अन् सगळ्यात मोठी पंचाईत म्हंजे हात. वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला की हात थरथरे. पत्र्यावर सरळ जोड पाहिजे, तं माहा जोड नाग नदीसारखा वळणं घेत जाये, अन् तसाच काळा. उस्तादनं तोंडावरची काच वर करून तो पायला. मोठा भला माणूस होता तो, पण काम म्हंजे काम. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणे, "तुम खाता नहीं, हाथ नाचता. हाथ नाचता, टेस्ट खलास. टेस्ट खलास, तुम इंडिया."

खरं सांगतो, 'तुम इंडिया' ऐकून मले जेवढा आनंद झाला तेवढा कधी झाला नव्हता. नंतर आठवलं की आमच्या वस्तीत मले निरोप द्यायले बँड लावला होता. बाप पुढं नाचला होता, ज्याले कंबरदुखीनं चालता येत नाही तो बाप. वापस गेलो तं तोच बँड पुन्हा लावतीन, अन् या वेळी पोट्टे नाचतीन. पण ते मले चालणार होतं. वडाभात भेटत असन तं माह्या इज्जतीची भाजी करून खायलाही मी तयार होतो. मी ठरवलं, टेस्टमधी नापास व्हायचं अन् जायचं. मेहनतही करायची गरज नव्हती.

हे मी उमरेडवाल्याले सांगतलं. मले वाटलं तो हसन, नाहीतर शिव्या देईन. तो आपली पेटी आवरून राहिला होता, हात थांबला त्याचा. घडी घातलेला सदरा त्यानं सोडला अन् पुन्हा घडी घातला. 

"तू गेला," तो म्हणे, "तं मी 'काहून' कोणाले म्हणू?"

"म्हंजे?"

"हिंदी मले येते गा. साऱ्यांसंग बोलतो मी. पण हिंदीत माणूस कामापुरतं बोलते. होल्डर दे, पाणी दे, लाईट बंद कर. 'काहून बे, तोंड काहून पाडलं' असं कोणाले म्हणू मी? त्या फिलिपिनवाल्याले?" मंग एकदम मिशीवर हात फिरवून म्हणे, "तुले जाऊ देत नसतो मी. उद्यापासून माह्या बाजूले बस जेवाले."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमचं जेवण एका मोठ्या परातीत येये. खाली भात, वर मटण, अन् चौघांनी गोल बसून एकातच हात घालायचा. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, आमचं घर बौद्धांच्या वस्तीतलं. उमरेडवाला कोष्ट्याच्या घरचा. गावाकडे असतो तं एका परातीत बसलो असतो का नाही, मले माहीत नाही. तिथं ना त्यानं इचारलं, ना मी. भूक लागलेल्या माणसापाशी इचारायले तोंड रिकामं नसते, अन् मले तं भूकही नव्हती.

तं त्यानं काय केलं, परातीतल्या भातावर बोटानं एक रेघ ओढली. "हा उमरेड रोड," म्हणे. "तुह्याकडे नागपूर, माह्याकडे उमरेड. आता ही एसटी हाय अन् मी कंडक्टर. चल, टिंग टिंग." मी पाहतच राहिलो. "पाहून काय राहिला? गाडी निघाली. हुडकेश्वर आलं, घे एक घास." घेतला. "उतरणारे उतरा, चढणारे चढा. पाचगाव! घे." घेतला. पाचगावले मटणाचा तुकडा होता, मी त्याले वळसा घालून चाललो, तं म्हणे, "ए, गाडी सारे थांबे घेते! एक्सप्रेस नाही हे." केरळवाला अन् फिलिपिनवाला घास हातात धरून आमच्याकडे पाहत होते. त्या दोघायले वाटलं ही आमच्या धर्माची प्रार्थना हाय, म्हणून दोघंही चूप बसून राहिले. चांपा आलं तोवर माह्या डोळ्यांतून पाणी. पण पोटात काहीतरी गेलं होतं. उमरेडले पोचलो तेव्हा त्यानं माह्या पाठीवर थाप मारली अन् म्हणे, "पोचला ना बे? आता वापसीची गाडी."

"वापसीची?" मी ओरडलो.

"मंग? रातचा मुक्काम करते का आमच्या घरी?"

असा मी रोज उमरेडले जाऊ लागलो, शुक्रवारी परातीत अन् बाकीचे दिवस ताटात. पण रस्ता काही गोड लागे नाही. एक दिवस मी पाचगावलेच अडून बसलो. म्हणलं, "बाप्पा, मी खातो, सारं खातो. पण वरून थोडा सांबार तं पाहिजे. बिना सांबाराचं खाणं म्हंजे बिना मिशीचा तू."

आता आमच्या नागपूरकडे हिरव्या कोथिंबिरीले सांबार म्हणतात. पुण्याकडच्या लोकांनं हसू नये, आम्ही तुमच्या कोथिंबिरीले हसत नाही. उमरेडवाल्याच्या डोक्यात बत्ती पेटली. तो सरळ केरळवाल्याकडे गेला, मीही मागं.

"भाई, सांबार है क्या?"

केरळवाल्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. घर सोडल्यापासून त्याले हे कोणी इचारलं नव्हतं. "सांबार? तुमको मांगता? मैं बनाएगा! शुक्रवार को बनाएगा!"

"बनाना नहीं भाई, खाली ऊपर से डालना है. बारीक काट के."

"सांबार काट के?"

"हाँ. और डंठल निकाल के."

केरळवाला इचारात पडला. "डंठल?"

"और दो पानी से धोना. नहीं तो सांबार में मिट्टी रहती है, दाँत में लगती है."

केरळवाला मोठा शांत माणूस. पण त्या दिवशी त्याच्या हातात पळी होती, अन् ती वर गेली. "मेरा अम्मा का सांबार में मिट्टी?" तो ओरडला. "तुम्हारा अम्मा का सांबार में मिट्टी!"

"हाँ तो, हमारी अम्मा का भी रहता है," उमरेडवाला शांतपणे म्हणे. "इसलिए तो धोती है."

मी मधात पडलो अन् पळी मले लागली. भांडण मिटवाले मी गेलो की असंच होते, सदरलेही असंच व्हायचं. शेवटी उमरेडवाल्यानं खडू घेतला अन् लोखंडी पत्र्यावर सांबाराच्या काडीचं चित्र काढलं. पानं, देठ, सारं. केरळवाल्यानं पायलं अन् पोट धरून हसला. ते पान त्याच्याकडे वेगळ्याच नावाचं. अन् त्याच्या आईचं सांबारही त्यानं रागारागात शुक्रवारी करून घातलंच. मी हिरवं पान मागतलं होतं, माह्या भातावर आली मुंगण्याची, म्हंजे शेवग्याची, शेंग. ती कशी खातात मले माहीत, पण भुकेच्या घाईत पुरी चावली, अन् मंग अर्धा दिवस दात कोरत बसलो.

ते पत्र्यावरचं चित्र उस्तादनं पायलं. त्याले काय वाटलं कोण जाणे, तो पुढच्या सुट्टीले बाजारातून येताना हिरवी जुडी घेऊन आला, ओल्या कागदात गुंडाळलेली. "अम्रीद! यही?" आम्ही दोघं उड्या मारत धावलो. तीच कातरलेली पानं, तोच हिरवा रंग, तोच देठ. वाळूत इतके दिवस काढल्यावर तो रंग पाहूनच मी भात-मटणाची परात पुढं ओढली. उमरेडवाल्यानं पहिली काडी तोडली, घाईत वास घ्यायचाही विसरला अन् तोंडात टाकली. डावा डोळा मिटला. छताकडे पायलं.

सारे वाट पाहून राहिले. मी, केरळवाला, फिलिपिनवाला, उस्ताद. आता हा पत्ता सांगन. कोणाच्या वाडीतला, कोण्या विहिरीपाशचा.

डोळा उघडला. पुन्हा मिटला.

त्या पानाले वासच नव्हता. नंतर समजलं, ती तिकडची वेगळीच भाजी, दिसाले सख्खी बहीण अन् चवीले कोणीच नाही. उमरेडवाला चावत राहिला, चावत राहिला, गवत चावल्यासारखा. मंग हळूच म्हणे, "हे आपलं नाही गा." एवढंच. त्याची ती दोन माणसांची मिशी एकदम खाली आल्यासारखी वाटली मले. शेळीनं थुंकलेल्या बोरातही ज्याले आपलं गाव भेटत होतं, त्याले या हिरव्या जुडीत भेटलं नाही. पहिल्यांदा मले दिसलं की आम्ही परदेशात हाओ. तोपर्यंत त्यानं दिसू दिलं नव्हतं.

उस्ताद बिचारा जुडी धरून उभा. मी ती जुडी त्याच्या हातातून ओढली, अर्धी तोंडात कोंबली अन् चावता चावता म्हणलं, "काहून आपलं नाही? तुम्ही उमरेडवाले खेड्यातले, तुम्हाले काय माहीत! हे सदरचं सांबार हाय. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात लागे. साहेबाच्या मडमेले वास चालत नसे म्हणून तिनं माळ्याले सांगून वास काढून घेतला होता."

उमरेडवाल्यानं माह्याकडे पायलं. "फोकनाड्या, थापा मारून राहिला," तो म्हणे.

"तू सदरले राहा, मंग समजन."

"वास कसा काढतात बे?"

"ते साहेबालेच माहीत. आपल्याले सांगतील का ते?" अन् मी उरलेली जुडीही बकरीसारखी खाल्ली. देठासकट. त्याले हसू येईपर्यंत खात राहिलो. हसू यायले वेळ लागला. मंग तो असा हसला की खाटेवरून घसरला, अन् माह्या लक्षात आलं की मी हसवायच्या नादात जुडी खाल्ली, भात खाल्ला, मटणही खाल्लं, अन् कोणी कंडक्टर नव्हता.

त्या दिवसापासून आमचं असं झालं की एका पदार्थाचा पत्ता त्यानं द्यायचा, एकाचा मी. तिकडचं खारट ताक त्यानं उमरेडच्या गवळ्याच्या नावावर टाकलं, तं खजुराची मिठाई मी सदरच्या एका टपरीच्या नावावर. केरळवाल्यानंही आपलं गाव घुसवलं, फिलिपिनवाल्यानंही. परातीतल्या भातावर रेघा इतक्या वाढल्या की कोणाची एसटी कुठं जाऊन राहिली, पत्ता लागे नाही. अन् हात? हात थरथरायचा कधी थांबला, मले समजलंच नाही. एक दिवस उस्तादनं माहा जोड पायला, बोट फिरवलं, पुन्हा पायला. त्याले वाटलं दुसऱ्या कोणाचा हाय. मलेही तसंच वाटलं.

टेस्टच्या दिवशी पत्रे जोडले अन् मशिनीखाली वाकवले. ज्याचा जोड फाटला तो घरी. माहा वाकला, पण फाटला नाही. मी डोळे झाकून उभा होतो, उमरेडवाल्यानं माह्या पायावर पाय दिला तेव्हा उघडले. दोघंही पास. आम्ही एवढे नाचलो की उस्तादनं हात जोडले. तेव्हा आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं की पास झालेल्याले कामावर धाडतात, अन् कामं एका जागी नसतात. मले बंदरावरच्या वर्कशॉपात टाकलं. त्याले वाळवंटात, पाइपलाइनवर, जिथं रस्ताही वाळूच अन् गावही वाळूच.

सकाळी ट्रक आला. त्यानं पेटी वर फेकली, स्वतः चढला. मी काहीतरी चांगलं बोलीन म्हणून तयारी केली होती, सारं विसरलो. त्यानंच वरून वाकून सांगतलं, "जेवत जाजो बे."

"तूही जाजो."

धूळ उडाली. मी हात हलवत राहिलो, बराच वेळ हलवला. बाजूच्या चौकीदारानं सांगतलं तेव्हा समजलं की त्याचा ट्रक कधीचाच गेला होता, अन् मी सिमेंटच्या गाडीले निरोप देऊन राहिलो होतो.

मंग वर्षं गेली. कधी त्याच्या साइटवरून आलेला माणूस भेटे, सांगे की मिशीवाला मजेत हाय. पहिल्या सुट्टीत मी नागपूरले आलो. त्याची सुट्टी मागं पडली होती, साइटवर माणूस नव्हता म्हणे. मी एक दिवस खरोखरच्या उमरेडच्या गाडीत बसलो. खिडकीतून हुडकेश्वर गेलं, पाचगाव गेलं, अन् मले भूकच लागत गेली. पण घर कोष्ट्याचं, जुन्या वळणाचं. आडनाव इचारलं तं?

अर्धी खोली हातमागानं भरली होती. त्याची माय मागावरून उठून आली. बारीक, त्याच्यासारखीच काडी. मी सांगतलं, शिकत होतो तेव्हा त्याच्या बाजूच्या खाटेवाला, आता बंदरावर हाव. तिनं इचारलं, "कुठल्या वस्तीतला रे बाबू?" मी सांगतली. वस्तीचं नाव ऐकलं की आमच्याकडे सारं समजते. तिलेही समजलं. तिनं पाण्याचा तांब्या माह्या हातात दिला अन् म्हणे, "हात धू. जेवाले बस."

ताटात वांग्याची भाजी होती, वरून हिरवागार सांबार. मी पहिला घास घेतला अन् लगेच दुसरा, तिसरा.

"आवडलं?" तिनं इचारलं.

"मावशी, लय दिवसांनं."

"खा बाबू. माह्या पोट्ट्यानं तं कधी वांग्याले हात लावला नाही. घरी कसे नखरे त्याचे! भाजीत कांदा दिसला की ताट सरकवे. मच्छीचा वास आला की दारच्या बाहेर जाऊन बसे. वरण अन् भात, वरण अन् भात, दुसरं काही नाही. मोठा झाला तरी मीच भरवो. मले तं वाटे, हा तिकडे जाऊन उपाशी मरते. काय खाते बाप्पा तो तिथं?"

मी वांग्याकडे पाहत राहिलो. मले ती सुकी मच्छी आठवली, ती बोरं, ते पांढरं मटण. दर वेळी डावा डोळा मिटून तो छताकडे पाहे, तेव्हा तिथं तो काय पाहत होता, कोण जाणे.

"सारं खाते, मावशी," मी म्हणलं. "माह्यापेक्षा जास्त खाते."

"खरं?"

"खरं."

ती हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसण्याचं होतं. तिनं मले अजून भाजी वाढली, भात वाढला. मंग माह्या समोर बसून मी खाताना पाहत राहिली. हात मांडीवर, मागाचा धागा एका बोटाले गुंडाळलेला तसाच.

"तिथं त्याच्या बाजूले कोण बसते रे जेवाले?" तिनं इचारलं.

"हायत ना मावशी. खूप लोकं हायत."

"तसं नाही. आपल्याकडचं कोणी? आपल्यासारखं बोलणारं?"

माह्या तोंडात घास हाय म्हणून बोलता येत नाही, असं मी तिले हातानं दाखवलं. घास तं कधीचाच गिळला होता.